सखल भागात काही ठिकाणी

आमच्या जावयाला रेडिओवर तोंड बंद करता येत नाही आणि घरात उघडता येत नाही. हवामानाच्या कचेरीत आहेत. रोज सकाळी अख्ख्या मुलखाला सांगतात, कुठं पाऊस, कुठं वारा, कुठं ऊन. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ढग यांना विचारूनच निघतात. तोच माणूस माझ्यासमोर जेवायला बसला की ताटातली भाजी मोजल्यासारखा खाली बघत बसतो.

जावयाला मी अहो-जाहो करते. शाळा फार बघितली नाही, पण रीत सोडलेली नाही. माघारी मात्र त्यांना शक्यतासाहेब म्हणते, आणि ते अधूनमधून तोंडावरही निसटतं. काय करणार, त्यांचं सगळं बोलणंच तसं. पावसाची शक्यता, वाऱ्याची शक्यता. लेकीनं एकदा विचारलं, संध्याकाळी बाजारात येता का, तर म्हणाले, शक्यता आहे. अशा माणसाशी संसार करायला माझी लेकच हवी.

आमचा धंदा रोपांचा. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, शिवाय दारात लावायची फुलझाडं. थंडी सरत आली की लोक रोपं न्यायला येतात. आजवर सगळं माझ्या हातचं. यंदा पहिल्यांदाच मी लेकीला म्हटलं, बियाण्यापासून तू कर, मी खुर्चीत बसून बघते. बसले, पण ते बसणं काही सोपं नव्हतं. ती माती कालवताना माझी बोटं वळवळायची. मी एकदाही उठले नाही. रोपं उगवली ती माझ्यापेक्षा सरस. हे तिला अजून सांगितलेलं नाही. घाई काय आहे?

शेडच्या उबेत वाढलेलं रोप एकदम उघड्यावर लावलं तर मान टाकतं, लाडात वाढलेल्या पोरासारखं. म्हणून विकायच्या आधी ट्रे अंगणात मांडून त्याला ऊनवाऱ्याची सवय लावायची. लेकीनं सगळे ट्रे बाहेर काढले आणि शेडमध्ये रिकाम्या झालेल्या जागेत लगेच काकडी-भोपळा पेरून टाकला. हिशेबी आहे, माझ्यावर गेली आहे. फक्त आता बाहेरच्या रोपांना परत आत जायला जागा नव्हती, आणि रोपं मेली असती तर पुन्हा पेरून उगवेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं असतं. तिच्या हातचं पहिलं वर्ष मातीत. मी ओळखते तिला, पुन्हा तिनं बियाण्याच्या डब्याचं झाकण काढलं नसतं.

तर त्या दिवशी सकाळी मी जावयाला विचारलं, आज आभाळाचा काय बेत. म्हणाले, पाऊस आहे, आई. बस्स. शक्यता नाही की काही नाही. मनात म्हटलं, सुधारले. घाईघाईनं डबा उचलून गेलेसुद्धा.

आमच्याकडं त्यांचा रेडिओ कुणी लावत नाही. घरात शिंपी असताना कपडे बाहेर शिवायला कोण टाकतं?

दुपारी पाऊस आला, चांगला सरळ, शांत पाऊस. रोपं न्हाऊन निघत होती आणि लेक खिडकीत उभी राहून कौतुकानं बघत होती. तेवढ्यात कोपऱ्यावरची पाववाली छत्री झटकत आत आली. तिला जुनी पोती हवी होती, कुंड्या झाकायला. का म्हणून विचारलं तर माझ्याकडंच बघत राहिली.

"अहो, तुमच्याच जावयानं सांगितलं ना सकाळी. पाऊस ओसरला की आभाळ मोकळं होणार, आणि पहाटे सखल भागात काही ठिकाणी दव गोठण्याची शक्यता. तुमचं तर सगळं आत गेलं असेल."

आमचं अंगण म्हणजे या गल्लीतला खड्डाच. गार हवा उतरून येते ती इथंच बसते, आणि गोठलेल्या दवानं कोवळं रोप एका रात्रीत जळतं. लेकीचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण पाववालीसमोर खाली बघणारी मी नव्हे. म्हटलं, जातंय, जातंय, पावसाचं पाणी तेवढं पिऊ देत होतो. पोती दिली, वर दोन मिरचीची रोपं दिली आणि तिला वाटेला लावलं.

मग खुर्ची सोडली.

भिजलेला ट्रे उचलून बघा एकदा, म्हणजे कळेल. माती पाणी पिऊन दगड झालेली, खालून गळतंय, वरून गळतंय. टोमॅटो बैठकीत गेले, वांगी पलंगाखाली, मिरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर. कोबीला म्हटलं, तू गारठा सोसणारा आहेस, शेवटी बघू. लेक ट्रे ठेवायची, परत जायची. तिच्या पावलांचा चिखल घरभर, आणि मी त्यावर चकार शब्द काढला नाही, यावरून समजा.

दिवेलागणीला पाऊस थांबला. वारा पडला आणि आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं. जावई आले ते दारातच थांबले. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणूनही असेल.

लेकीनं ट्रे खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून म्हणाली, "सगळ्या मुलखाला सांगितलंत. मला तेवढं नाही."

ते बुटांकडं बघत म्हणाले, "मुलखातलं कुणी मी जेवायला बसल्यावर हसत नाही."

मी स्वयंपाकघरात मिरच्या सरकवत होते. भिंत पातळ आहे आमची.

गोष्ट अशी की गेल्या वर्षी त्यांनी असंच दव सांगितलं होतं. तेव्हाही आम्ही रोपं आत घेतली आणि पहाटे उकाडा झाला. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, जावयांनी दव सांगितलं आणि आम्हाला घाम फुटला. वाक्य बरं जमलं होतं. पुढं आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. जावईसुद्धा हसले होते, निदान मला तसं वाटलं. म्हणून यंदा माणसानं काय करावं, तर परक्यांना दव सांगितलं आणि घरच्यांना नुसता पाऊस. आलं नाही तर हसं होणार नाही, आणि आलं तर बायकोचं वर्ष गेलं. एवढा शिकलेला माणूस, आणि दवापेक्षा सासूला जास्त भ्याला.

बाहेर येऊन बघते तर जावई बूटही न काढता अंगणातून कोबीचे ट्रे आणत होते. ओल्या सदऱ्यात, दातावर दात. लेक त्यांच्या हातातून घेत होती. बोलत नव्हती, पण घेत होती. मी आतून सगळ्या चादरी काढल्या. जे ट्रे कुठंच मावेनात, ते भिंतीला लावले आणि त्यांच्यावर चादरी काठ्यांच्या आधारानं ताणून बांधल्या, पानाला कापड टेकू नये अशा. त्यातली एक लेकीच्या लग्नातली होती. तिनं बघितलं. मी म्हटलं, बघतेस काय, टोक धर.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी उठले. अंगणात गेले, चादरी चाचपल्या, गवतावर पाय ठेवला. ओलं होतं. नुसतं ओलं. पहाटे कधीतरी ढग परत आले असावेत, वर गोधडीसारखे पसरले होते. दव गोठलं असेल तर दुसऱ्या कुणाच्या सखल भागात. आमच्याकडं पांढरा ठिपका नाही.

आत आले. लेक पलंगाखालची वांगी ओढत होती. तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, आणि हळूच मान हलवली, आई, नको, अशी. जावई चहाचा कप धरून भिंतीशी उभे होते. कपातली वाफ कधीच विरली होती. शाळेत छडीची वाट बघत उभी राहतात ना पोरं, तसे. मी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"जावईबापू, दव काही आलं नाही. यावर मी बोलणार, आज दिवसभर बोलणार, आणि ते तुम्ही ऐकून घ्यायचं, कारण ही जीभ आता बदलायची नाही. पण रेडिओवर जे सांगाल ते आधी या घरात सांगायचं, माझ्या तोंडाकडं बघून सांगायचं. शक्यता असेल तर शक्यता. सांगणं तुमचं काम, हसणं माझं, आणि ट्रे उचलायचे ते सगळ्यांनी. ठेवा तो कप."