एकमेव विजयाच्या दिवशी नंदू पुण्यात होता

मेलबर्नजवळच्या टार्निटच्या मराठी मंडळाने गणपतीच्या स्मरणिकेसाठी 'आमच्या फुटबॉल संघाचा इतिहास' असा लेख मागितला, तेव्हा नंदूला खरं तर लाज वाटायला हवी होती. तो फुलून गेला. संस्थापक अध्यक्ष म्हटलं की माणूस फुलतोच. रात्रीचं जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसला आणि स्थापनेचा भाग झरझर लिहून काढला. मग आला पराक्रमाचा भाग आणि गडी अडकला.

कारण इतिहास असा होता. सहा वर्षांपूर्वी पाच-सहा मराठी बाप्ये पोटं कमी करायला म्हणून इनडोअर क्रिकेट खेळायला निघाले. पत्र्याची भलीमोठी शेड, चारी बाजूंनी जाळी, खाली हिरवा प्लास्टिकचा गालिचा. काउंटरवरची पोरगी म्हणाली, क्रिकेटच्या सगळ्या रात्री भरल्या. पंजाबी, तेलुगू, गुजराती, सगळे आधीच नंबर लावून बसले होते. मंगळवारी फुटबॉलची एक जागा होती, डी ग्रेडमध्ये. ई ग्रेड नव्हताच, नाहीतर यांची पोटं बघून तिने तोच दिला असता.

"नो वरीज," नंदू म्हणाला. जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. पण मागे रांगेत तेलुगू मंडळी उभी होती, त्यांच्यासमोर हात हलवत परत फिरायचं कसं?

चेंडू विकत घ्यायच्या आधी कार्यकारिणी झाली. मराठी माणूस बुडत्या बोटीतसुद्धा आधी कार्यकारिणी करेल. नंदू अध्यक्ष, दातांचा डॉक्टर यतीन कार्याध्यक्ष, युनिव्हर्सिटीत शिकवणारा श्रीनिवास तांत्रिक सल्लागार. नावावर दोन बैठका झाल्या आणि 'गनिमी कावा एफसी' ठरलं. इथल्या लोकांना वाटलं, हे 'कावा' नावाचं पेय पिणारे फिजी बेटांवरचे दांडगे गडी असणार. पहिल्या सामन्याला समोरची टीम भीतभीतच उतरली. पाच मिनिटांत त्यांची भीती गेली ती गेलीच.

फुटबॉल येणारा माणूस एकच, शार्दूल. कोल्हापूरचा, तिकडे तालमीच्या संघातून खेळलेला. त्याला कार्यकारिणीत घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. अध्यक्षाने धावणं बरं दिसत नाही म्हणून नंदू गोलकीपर झाला. शार्दूल पहिल्याच दिवशी म्हणाला, "अध्यक्ष, बॉल जाळीत जाऊ द्यायचा नसतो ओ. तेवढ्यासाठीच तुम्हाला तिथं उभं केलंय."

नंदू उडी मारायचा. पण चेंडू जाळीत जाऊन विसावल्यावर. आधी विचार करायचा, मग उडी मारायचा. ऑफिसात याच सवयीने त्याला बढती मिळाली होती.

दर हंगामात कावा तळाला. डी ग्रेडच्या खाली काही नसल्यामुळे आणखी घसरायची सोय नव्हती, म्हणून टिकून होते. सहा वर्षांत एकच सामना जिंकले. त्या दिवशी नंदू भाच्याच्या मुंजीला पुण्यात होता. हातात जिलबीची वाटी, आणि फोनवर फोटो आला: सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले, खाली 'जिंकलो रे!!!' नंदूच्या जागी गोलमध्ये बास्केटबॉल खेळणारा तरुण वरुण उभा होता. नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, "किती हळवा आहे हो मामा!" मामाला बटूशी काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी कानफटात मारल्यासारखं वाटत होतं.

परत आल्यावर कुणी काही बोललं नाही. आपल्या लोकांची हीच तर रीत. तोंडावर बोलतील तर शपथ. "नंदू, तुझी कंबर कशी आहे रे?" "नंदू, वीकेंडला किती काम करतोस, मंगळवारी तरी आराम कर." श्रीनिवासने खाल्लेल्या गोलांचा एक आलेख काढला होता म्हणे, पण नंदू आला की तो लॅपटॉप मिटायचा. नंदूची पंधरा वर्षांची मुलगी रुचा मात्र मेलबर्नमध्येच वाढली, तिला ही रीत कुणी शिकवली नव्हती. "डॅड," ती म्हणाली, "इट्स लिटरली यू."

आता यंदा सेंटरवाल्यांनी मंगळवारच्या निम्म्या रात्री पिकलबॉलच्या नव्या फॅडला दिल्या. तळाची टीम लीगमधून बाहेर, असा फलक लागला. शेवटचा सामना प्लंबर आणि सुतारांच्या टीमशी, तेही तळालाच लोळत होते. जिंकलं तर कावा राहणार, हरलं तर संपला. स्मरणिका छापून यायच्या आधीच इतिहासजमा.

सामन्याच्या दिवशी नंदूने गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि जाहीर केलं, "गुडघा गेला. आज बसतो मी."

"अरेरे!" तिघांनी एकदम म्हटलं. इतकं एकदम, की जणू तालीम केली होती. यतीनने गुडघ्याला हातही न लावता निदान केलं, "हे गंभीर आहे." श्रीनिवासने तर पाठ थोपटली. शार्दूल बुटाची नाडी बांधत खाली बघून हसत होता.

नंदू वरच्या गॅलरीत बाकावर रुचाशेजारी बसला. मोठा त्याग केल्याचा चेहरा करून. आपल्याशिवाय ही माणसं जिंकतील, आपण टाळ्या वाजवू, आणि स्मरणिकेत 'संघहितासाठी अध्यक्षांनी विश्रांती घेतली' असं लिहू. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण लगेच मुंजीत आलेला तो फोटो आठवला. जिंकले तर शिक्काच. मग सहा वर्षांत जे जे हरलो, ते सगळं आपलंच.

तिसऱ्या मिनिटाला एका जाड्या प्लंबरने मारलेला चेंडू वरुणच्या हातांखालून जाळीत गेला.

नंदूच्या छातीतलं काहीतरी सैल झालं.

दुसरा वरुणच्या दोन पायांमधून गेला. "म्हणजे पायांमधून सगळ्यांच्याच जातो!" नंदू पुटपुटला. तिसऱ्या गोलला यतीनने स्वतःच वरुणला चकवलं. चौथ्याला श्रीनिवास प्रतिस्पर्ध्याला आपला समजून चेंडू देऊन आला. मध्यंतरात त्याने सगळ्यांना नवा व्यूह समजावून सांगितला, त्यामुळे पुढचे गोल जरा लवकर झाले. शार्दूल एकटा चार जणांत घुसत होता आणि एकटाच परत धावत होता. शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर सात-एक होतं. गनिमी कावा लीगमधून बाहेर.

"डॅड," रुचा म्हणाली, "व्हाय आर यू स्मायलिंग?"

"मी? छे."

"यू आर हमिंग."

खरंच गुणगुणत होता हलकट. स्वतः काढलेली टीम मेली होती, आणि हा निर्दोष सुटलेल्या आरोपीसारखा बँडेज विसरून टणाटण जिना उतरत होता.

परतताना सगळे नंदूच्याच आठ सीटच्या गाडीत. नेहमी हरल्यावर ही गाडी कशी छान शांत असायची. कुणीतरी म्हणायचं, "हार्ड लक, नंदू," कुणीतरी चिवडा फिरवायचा. आज दार लागायच्या आत पेटली.

"व्यूह म्हणे! तू तिकडे एकदा तरी धावलास का, श्रीनिवास?"

"यतीन, आपल्याच गोलमध्ये कोणी मारला ते आधी सांग."

"वरुणने हात पुढे केला असता तर—"

"मी? तुम्ही दोघं माझ्यासमोर चालत होता! लिटरली वॉकिंग!"

"हे बघ वरुण, वयाने मोठे आहोत आम्ही."

"म्हणूनच चालत होता!"

सर्व्हो, म्हणजे इथला पेट्रोल पंप, आला तशी नंदूने गाडी आत घेतली. पेट्रोल भरताना शार्दूल उतरून शेजारी उभा राहिला. आत तिघं हातवारे करून भांडत होते. काचेआड आवाज येत नव्हता, नुसती तोंडं उघडत होती. मागच्या सीटवर रुचाने कानांत इअरफोन घातले.

"बघा," शार्दूल म्हणाला. "सहा वर्षांत आम्ही एकमेकांना एक वाकडा शब्द बोललो नाही. का, सांगा?"

"का?"

"तुम्ही होता की ओ. हरलो की प्रत्येक जण घरी जाऊन बायकोला सांगायचा, मी झकास खेळलो, पण गोलकीपर अध्यक्ष आहे, काय करणार. आणि झोपायचा निवांत. आज कुणाला झोप लागायची नाही."

नंदूने पंपाकडे बघितलं. निर्दोष सुटून अजून अर्धा तास झाला नव्हता.

"वेरिबीला दुसरं सेंटर आहे," शार्दूल म्हणाला. "गुरुवारी जागा आहे. मी उद्या बोलतो. पण गोलमध्ये तुम्ही."

"माझा गुडघा—"

"त्या गुडघ्याला काय झालं नाही, हे आत्ता जिन्यावर समद्यांनी बघितलंय."

नंदूला राग आला होता. सहा वर्षं ही माणसं आपल्या जिवावर शांत झोपली, आणि आपण त्यांना चिवडा खाऊ घालत होतो. नाही म्हणावं, साफ नाही म्हणावं. आत यतीनने श्रीनिवासच्या छातीवर बोट रोवलं होतं. आता हे हातघाईवर येतील आणि पुन्हा कुणी कुणाच्या घरी गणपतीला जाणार नाही, हे त्याला लख्ख दिसलं. ही चार माणसं सोडली तर टार्निटमध्ये त्याला तरी कोण होतं?

त्याने वाकून बँडेज सोडलं, त्याचा गोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात फेकला. नेम चुकला.

गाडीत बसून तो म्हणाला, "गुरुवारपासून वेरिबी. गोलमध्ये मी. आणि अध्यक्षपद माझ्याकडेच राहील."

यतीनचं बोट खाली आलं. श्रीनिवासने चष्मा पुसला. वरुणने सीट मागे केली.

"पण खरं सांगू का," यतीन सैलावून म्हणाला, "आज नंदू असता ना, तर सात नाही, दहा झाले असते."

सगळे खदखदून हसले. "अकरा!" श्रीनिवास म्हणाला. कुणीतरी चिवड्याची पिशवी काढली, ती फिरत फिरत पुढे आली आणि नंदूच्या हातात आली तेव्हा तळाला नुसते शेंगदाण्यांचे तुकडे उरले होते. त्याने ते खाल्ले.