वैदेहीचं टेन्शन

आमच्या घरी टेन्शन कोणाले नाही, ते सांगा. वैदेहीचं साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, ठरलं तशी वहिनीले हॉलचं टेन्शन, गणपतदादाले जेवणाचं, अन् मले, म्हणजे पोरीच्या आत्याले, या दोघायचं. शेजारची तेलुगू बाई घ्या नाहीतर दुकानातला सिंधी घ्या, भाषा ज्याची त्याची, पण हा शब्द सगळ्यायच्या तोंडात. म्हणून वैदेही "मले टेन्शन येऊन राहिलं" म्हणे, तेव्हा कोणी मानही वर करेना. वहिनी लिंबूपाणी देऊन मोकळी.

साक्षगंधाची साडी पोराकडचे घेतात. त्यासाठी दोन्ही घरचे सीताबर्डीच्या बाजारात गेले. मी गुडघ्यामुळं घरीच. परत आल्यावर पोरगी माझ्याजवळ बसली अन् पुन्हा तेच, टेन्शन. माझं डोकं सटकलं.

म्हटलं, "तो शब्द ठेव बाजूले वं. टेन्शन सगळ्यायलेच असते. तुले काय होते, ते सांग."

ती म्हणाली, "आत्या, मले सौरवचं भेव वाटते."

नवरदेव तो. हिनं हिरवी साडी उचलली, त्याले निळी पाहिजे होती. हसत हसत त्यानं हिचं मनगट पिरगाळलं, अन् हिनं निळी घेतली. हिचा फोनही रोज तपासते म्हणे तो. माय वं!

मी तशीच उठून दादाकडं गेली अन् सगळं सांगितलं. वाटलं, आता हा चिडन, पाहुण्यायले सांगून झालं म्हणन. पण दादानं चष्मा काढून ठेवला.

"वच्छला, मी बाजूलेच बसून होतो. मी पाहिलं ते. मले वाटलं, पोरगा टेन्शनमधी असन."

असा राग आला मले त्याचा, की सख्खा भाऊ नसता तर दोन ठेवून दिल्या असत्या. एवढंच विचारलं, अन् आपली पोरगी कशात होती?

थोड्या वेळानं तो वैदेहीजवळ जाऊन बसला. तिचं मनगट पाहिलं, अन् तिच्यासमोरच सौरवच्या बापाले फोन लावून साक्षगंध होणार नाही म्हणून सांगितलं. तिकडून समजूत घालणं सुरू झालं. पोरगा मनानं चांगला आहे, सध्या त्याले कामाचं लय टेन्शन आहे.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असन ना. पण ते माह्या पोरीच्या हातावर काहून काढलं?"

तेव्हा कुठं वैदेही रडली.