लव्हॉनची घडी

डेल्बर्ट माझा मेहुणा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, लव्हॉनचा नवरा. माणूस नुसता हट्टी असता तर मी निभावून नेलं असतं, पण तो हळवाही आहे, आणि हे दोन्ही एका माणसात असलं की शेजारच्यांचे हाल होतात. गव्हाची कापणी नुकतीच उरकली होती. एका सकाळी तो लव्हॉनचं केशरी रॉकेट काखोटीला मारून माझ्या स्वयंपाकघरात आला, टेबलावरच्या चेरीच्या जॅमच्या बरण्या न विचारता बाजूला सारल्या आणि रॉकेट आडवं ठेवलं.

शनिवारी कापणी झालेल्या त्या गव्हाच्या शेतातलं आमच्या हौशी रॉकेट-क्लबचं शेवटचं उड्डाण होतं. पुढच्या वर्षी तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार. डेल्बर्टला त्या दिवशी हेच रॉकेट उडवायचं होतं, आणि तेही लव्हॉनने शिवलेल्या पॅराशूटवरच खाली आणायचं होतं. दुसरं काही त्याला नको होतं.

क्लबातल्या अर्ध्याअधिक लोकांची पॅराशूटं लव्हॉननेच शिवलेली. रेनकोटच्या कारखान्यात उरलेलं, एका बाजूने लेप दिलेलं नायलॉन ती उचलून आणायची. लेपामुळे हवा आरपार जात नाही, म्हणून रॉकेट कसं डुलत डुलत, आरामात उतरायचं. ती मशीनवर बसायची, मी शेजारी बसून दोऱ्या कापायचे, आणि दोघी मिळून गावाची उणीदुणी काढायचो. चर्चमधल्या बायकांपासून सुरुवात व्हायची आणि डेल्बर्टवर येऊन गाडी थांबायची.

आता पॅराशूटचा आमच्याकडे एक साधा नियम आहे. घडी घालायची ती शेतावर, उडवायच्या जरा आधी, पदर चिकटू नयेत म्हणून वर पावडर भुरभुरवून. परत आलं की झटकायचं आणि मोकळं टांगायचं. घडी घालून ठेवलेलं कापड पुढे उघडेल याची खात्री नसते. क्लबात नवा माणूस आला की त्याला हे ऐकवून ऐकवून डेल्बर्टने बेजार केलेलं. आणि याच शहाण्याने लव्हॉनचं पॅराशूट वर्षानुवर्षं रॉकेटमध्ये तसंच ठेवलं होतं.

झालं होतं असं, की तिच्या शेवटच्या शरदात तिने घडी घालून आत सरकवलं आणि वारा सुटला. उड्डाणं रद्द झाली. त्याच हिवाळ्यात ती गेली. मग ही तिच्या हातची घडी म्हणून याने ती उघडलीच नाही. कॅन्ससचे उन्हाळे, पत्र्याचं गॅरेज, दुसरं काय होणार होतं?

मी ओढून बाहेर काढलं तर हातात गोळाच आला, उन्हात राहिलेल्या टॉफीसारखा. लेप वितळून पदर एकमेकांना चिकटलेले, पावडरीचं पीठ मळल्यासारखं झालेलं, आणि वर नासक्या दुधाचा वास. मी एक पदर धरून ओढला तशी डेल्बर्टने माझं मनगट पकडलं.

"हळू गं. ती घडी तिची आहे."

"घडी उडत नाही, डेल्बर्ट."

"माहीत आहे मला."

"मग हात सोड. की घेऊन जातोस परत गॅरेजात?"

मनगट सोडून, बाह्या सरसावत तो म्हणाला, "टब कुठे आहे तुझा?"

कोमट पाण्यात साबण आणि स्पिरिट घालून आम्ही ते भिजवलं. एकेक पदर सुटत गेला. लेपाच्या चिकट साली नखांत अडकत होत्या, त्या आम्ही जुन्या ब्रशने घासून काढल्या. शेवटची घडी सुटली तेव्हा डेल्बर्ट उठून अंगणात गेला आणि उगाच कुंपणाचा खिळा ठोकत बसला. मी हाक मारली नाही. माझेच डोळे धड नव्हते.

वाळल्यावर कापड मऊ झालं, पण पार विरळ. डेल्बर्टने तोंडाशी धरून फुंकलं तर माझ्या गालाला वारा लागला. लेपच उरला नव्हता, म्हणजे रॉकेट वेगाने खाली येणार, आपटणार. दुकानातलं नवं पॅराशूट लाव, मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मोडलं तर चिकटवता येईल, पण खाली आणायचं तिनेच.

शनिवारी शेतात सगळे जमले, बटाट्याचं सॅलड आणि लिंबू सरबत घेऊन. घडी घालायची वेळ आली तेव्हा डेल्बर्टने कापड माझ्यापुढे केलं. मला येत नाही, मी सांगितलं. इतकी वर्षं तिला घडी घालताना समोर उभा राहून बघितलंस ते तू, म्हटलं. त्याने घातली, मोडली, पुन्हा घातली. मागे रांग खोळंबली होती, तरी कुणी ब्र काढला नाही. अखेर त्याच्या हातची एक जाडजूड, वेडीवाकडी घडी आत गेली.

उलटी मोजणी झाली, रॉकेट सुसाट सुटलं. मी मात्र आकाशाकडे पाठ करून डेल्बर्टकडेच बघत होते, कारण कापड उघडलं नाही तर याचं काय होईल, याचाच मला घोर लागला होता. वर फट्‌ असा आवाज झाला, म्हणजे कापड बाहेर फेकलं गेलं. त्याचा आवळलेला जबडा सैल पडला.

"माझ्याकडे काय बघतेस, ट्वायला?" मान वरच ठेवून तो म्हणाला. "लव्हॉन हेच करायची. तिकडे पाठ, आणि माझ्या तोंडावरून ओळखायची उघडलं की नाही ते. धास्तीच घ्यायची. एवढी शिवली, पण एकही उघडलेलं पाहिलं नाही गं तिने."

मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या दोऱ्या कापल्या तिच्या शेजारी बसून, आणि ठाऊक नव्हतं.

"तू तरी बघ," तो म्हणाला.

मी वळले. लेप गेल्यामुळे कापडातून ऊन आरपार येत होतं, आणि लव्हॉनची सगळी शिवण खालून दिसत होती, जोड न्‌ जोड, अगदी मधल्या टाक्यापर्यंत. रॉकेट नको तितक्या वेगाने येत होतं. शेपटीचा एखादा पंख मोडणार हे दिसतच होतं, आणि तो मोडलाही. पण ते जमिनीला टेकेपर्यंत मी नजर हलवली नाही.