बुटक्या ट्रॅक्टरचा राखणदार

कॉटन ग्रीनच्या त्या गोदामाच्या आवारात त्या दुपारी मुंगीला शिरायला वाव नव्हता. हमाल कापसाच्या गाठींवर चढून बसले होते, शेजारच्या पेढीतले कारकून खिडकीच्या गजांना लोंबकळत होते आणि चहावाल्याने दुकान सोडून किटली इथेच आणली होती. मधोमध, चढणीच्या पायथ्याशी, एक बुटका लाल ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून बोहल्यावरच्या नवरदेवासारखा उभा होता. मागे गाठींनी भरलेली ट्रॉली होती. आणि ट्रॅक्टरच्या आसनामागच्या लोखंडी पेटीवर उजवा तळवा टेकून, डोळे मिटून, यंत्रानंद महाराज मंत्र म्हणत होते.

"ॐ नमो चक्राय! ॐ नमो तैलाय! ॐ गिअराय हुं फट्!"

गिअर नावाची वस्तू त्या ट्रॅक्टरात मुळी नव्हतीच; पण महाराज तिला वश करीत होते. सुरुवातीला त्यांचा तळवा पेटीवर क्षणभर टेके नि उठे, टेके नि उठे. हळूहळू तो स्थिरावला. तासाभराने महाराजांनी डोळे उघडले आणि आकाशाकडे बोट करून गर्जना केली, "चढ!"

ड्रायव्हर बुधाजीने पायाखालची पट्टी दाबली. मघापर्यंत नुसता घुरघुरत बसलेला ट्रॅक्टर हलला आणि ट्रॉली ओढत सरळ चढण चढून वर गेला. नारळ फुटले. जयजयकार झाला. त्यात गिरगावी वळणाचा एक शुद्ध आवाजही होता, आणि तो आवाज ऐकून सगळ्यात जास्त दचकला तो त्याचा मालकच, म्हणजे गोदामाचा सुपरवायझर शरच्चंद्र. आपले हात जोडलेले आहेत हे ध्यानात येताच त्याने सदऱ्यावरचा कापूस झटकत असल्यासारखं केलं.

दचकण्याचं कारण होतं. खोताच्या वाडीजवळच्या आपल्या चाळीत शरच्चंद्र 'आमचे विज्ञानवादी' म्हणून प्रसिद्ध होता. गणपतीत दर वर्षी 'देव की अणू?' या विषयावर त्याचं व्याख्यान होई, आणि दर वर्षी ते आरतीच्या आधी घाईघाईने आटपावं लागे. कुणाच्या अंगात आलं की हा तिथे जाऊन 'मेंदूचा विकार' असं निदान सांगे. बायको कौसल्या म्हणायची, "तुम्हाला सगळ्यांच्या रोगाचं नाव ठाऊक. औषध मात्र एकाचंही नाही."

तर हा ट्रॅक्टर विलायतेतल्या एका कारखान्याने गोदामाच्या शेठना नमुना म्हणून पाठवला होता. त्यात दांडा ओढून बदलायचे गिअर नव्हते. इंजिन एक पंप फिरवी, पंप तेल दाबी, आणि त्या तेलाच्या दाबावर मागची चाकं फिरत. पहिले काही महिने त्याने हमालांची पाठ वाचवली. मग एकाएकी त्याला रोग जडला. सकाळी खणखणीत; पण दुपार होऊ लागली की इंजिन ओरडे, चाकांत मात्र जोर नसे. चढणीच्या पायथ्याशी तर हटकून थांबे. नेमका तिथेच एक शेंदूर फासलेला दगड होता; हमाल त्याला जागेचं रक्षण करणारा देव, राखणदार, मानत.

शरच्चंद्राने आधी इलाज चालवले. डिझेलात भेसळ आहे म्हणून त्याने टाकी उपसली; दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टर चढला. "बघा, विज्ञान!" तो म्हणाला. दुपारी ट्रॅक्टर थांबला. मग त्याने इंजिनाचा पट्टा आवळला. दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टर चढला. "बघा!" दुपारी पुन्हा तेच. शेवटी त्याने जाहीर केलं, "दोष यंत्रात नाही. बुधाजींचा पायच पट्टीवर पुरता दाबत नाही."

बुधाजी परळच्या चाळीत राहणारा, लढाईत लष्करी ट्रक चालवून आलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या बायकोने, मीराबाईने, नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तो नुसता आपल्या पायाकडे बघत राहिला.

विज्ञान असं हरल्यावर हमालांचा मुकादम धोंडू पुढे सरसावला. तो मालवणकडचा. "साहेब, माका पयलाच ठावक होता. ह्यो राखणदाराचो कोप आसा," असं म्हणून त्याने चिंचपोकळीहून यंत्रानंद महाराजांना आणलं. महाराजांची ख्याती मोठी. कराचीत बंद पडलेलं जहाज त्यांनी चिंचपोकळीतल्या माळ्यावर बसून चालू केलं होतं, असं खुद्द महाराजच सांगत.

चमत्कारानंतर महाराजांनी ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला जाड भगवी शाल गुंडाळली. "हे कवच. काढाल तर भस्म व्हाल."

भस्म कुणी झालं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर दुपारची वाटही बघेना. दहाच्या ठोक्यालाच थांबायला लागला. महाराज रोज येऊ लागले, रोज तळवा टेकू लागले, रोज ट्रॅक्टर तासाभराने चढू लागला. आणि एके दिवशी, दक्षिणा घेऊन झाल्यावर, महाराज बुधाजीकडे बोट करून म्हणाले, "मी कोप उतरवतो, हा पुन्हा चढवतो! ज्याने देव सोडले त्याचा हात या चाकाला लागतो. राखणदार सहन कसा करील?"

दुसऱ्या दिवशी हमालांनी बुधाजीच्या ट्रॉलीवर गाठी चढवायचं नाकारलं. शेठ व्यवहारी माणूस. त्यांना देवाशी भांडण नको होतं नि हमालांशी तर मुळीच नको होतं. "सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर बघा," ते शरच्चंद्राला म्हणाले. तोवर त्यांनी कशीबशी गाठी चढवण्यापुरती हमालांची समजूत घातली. शरच्चंद्राने मान डोलवली. 'देव की अणू?'वाला त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे.

संध्याकाळी बुधाजी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, एक बोलू? महाराज म्हणतो, माझा धर्म बदलला म्हणून गाडी चढत नाही. तुम्ही म्हणत होतात, माझा पाय कच्चा म्हणून चढत नाही. गाडीला काय झालंय ते कुणी बघितलंच नाही. दोघांनी मलाच तपासलं."

"अहो, मी आणि तो बाबा... एकाच मापाने?" शरच्चंद्र दुखावून म्हणाला.

"फरक आहे ना. त्याला दक्षिणा मिळते," बुधाजी म्हणाला आणि डबा उचलून निघून गेला.

त्या रात्री कौसल्येने दोनदा विचारलं तरी शरच्चंद्राने आमटीत मीठ कमी आहे की जास्त ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लालबागहून संयुक्त महाराष्ट्र समितीची मिरवणूक निघायची होती. दहाला ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे चढणीशी थांबला. धोंडूने महाराजांकडे माणूस धाडला, पण महाराज कुणा गिरणीवाल्याच्या मोटारीला आशीर्वाद द्यायला गेले होते. "ऱ्हवांदे थयच," धोंडू म्हणाला आणि सगळं आवार मिरवणुकीला गेलं. धोंडू गेला, बुधाजी गेला, शरच्चंद्रही गेला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" धोंडूची आणि बुधाजीची आरोळी एकाच रांगेतून उठत होती. मधेच बुधाजी धोंडूकडे वळून म्हणाला, "मुकादम, सगळा महाराष्ट्र एक करायला निघालात. एका ट्रॉलीवर आपण दोघं मावत नाही होय?" धोंडूने न ऐकल्यासारखं करून आवाज आणखी चढवला.

परत आले तेव्हा ट्रॅक्टर वाटेतच उभा. फाटक लावायचं म्हणजे तो ढकलायला हवा. सगळे बाह्या सरसावून मागे लागले. "थांबा, चालू तरी करून बघतो," बुधाजी म्हणाला. त्याने पट्टी दाबली आणि ट्रॅक्टर हसतखेळत चढण चढून गेला. महाराज नाहीत, मंत्र नाही, नारळ नाही!

धोंडू आ वासून बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "घोषणेनं चढलो, साहेब! संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत केदी ताकद आसा बघा!"

शरच्चंद्राला क्षणभर ते पटलंसुद्धा. समितीच्या कचेरीत जाऊन सांगावं असंही मनात आलं. मग तो पायरीवरच बसला. मंत्राने चढतो. घोषणेने चढतो. आपण पट्टा आवळला तेव्हाही चढला होता. या तिन्हींत सारखं काय? आणि त्याला हसू फुटलं, कारण उत्तर फारच साधं होतं. तिन्ही वेळी ट्रॅक्टर मधला वेळ नुसता उभा होता. शरच्चंद्राचा पाना आणि महाराजांचा मंत्र एकाच पंगतीला बसले होते.

"बुधाजी," तो म्हणाला, "उद्या सकाळी लवकर येता? या वेळी तुम्हाला नाही, गाडीला तपासू."

सकाळी दोघांनी ट्रॅक्टर चढ-उतार करून पळवला. त्याचा जोर सरताच शरच्चंद्राने शालीखालून आसनामागच्या तेलाच्या पेटीवर हात ठेवला आणि "आई गं!" करून बोटं तोंडात घातली. मग ते गप्पा मारत बसले. मंत्र म्हटला नाही. हात ठेववेल इतकी पेटी निवाली, तेव्हा ट्रॅक्टर चढला.

"म्हणून महाराजाचा तळवा!" बुधाजी म्हणाला. "तो आशीर्वाद देत नव्हता. ताप बघत होता!"

त्या दिवशी महाराज आले तेव्हा ट्रॅक्टर नुकताच थांबला होता. शरच्चंद्राने वाकून नमस्कार केला. "महाराज, आज कचेरीत आसन मांडलंय. दार लावून मंत्र म्हणा आणि शक्ती उतरली की आतूनच 'चढ' म्हणा."

"छे! यंत्राला स्पर्शदीक्षा लागते."

"कराचीच्या जहाजाला कशी दिली?"

हमाल हसले. महाराजांना कचेरीत जावंच लागलं. थोड्या वेळाने आतून गर्जना आली, "चढ!" इंजिन ओरडलं, चाकं हलली नाहीत. "श्रद्धा कमी पडते!" आतून आवाज आला. पुन्हा मंत्र, पुन्हा "चढ!" पुन्हा तेच. लोक चुळबुळायला लागले.

"धोंडू, तू जरा या पेटीला हात लाव," शरच्चंद्र म्हणाला.

धोंडूने भीतभीत शाल वर करून बोट टेकलं. "अगे बाये! पोळता!"

"पोळायची थांबली की तूच 'चढ' म्हण."

आतले महाराज मंत्र म्हणत राहिले, बाहेर धोंडू पेटी चाचपत राहिला. अखेर त्याने अख्खा पंजा पेटीवर टेकला, इकडेतिकडे बघितलं आणि लाजत म्हणाला, "चढ तर." बुधाजीने पट्टी दाबली. ट्रॅक्टर चढला! आवारभर हास्याचा लोट उठला. "धोंडू महाराज की जय!"

यंत्रानंद धावत बाहेर आले. "माझीच शक्ती याच्यात उतरली!"

"मगे माका दक्षिणा द्या," धोंडूने हात पुढे केला. महाराजांनी कमंडलू उचलला आणि फाटकाची वाट धरली.

"थांबा रे, अजून अर्धंच झालंय," शरच्चंद्र गाठीवर चढला. व्याख्यानाची संधी तो सोडणार नव्हता. "थंडीत खोबरेल बाटलीतून निघत नाही, उन्हात पाण्यासारखं धावतं. या पेटीतलं तेलही तापलं की पातळ होतं. मग पंप त्याला दाबतो, पण ते फटींतून मागच्या मागे निसटतं आणि चाकाला जोर मिळत नाही. चढणीवर जोर जास्त लागतो, म्हणून तिथे थांबतो. दगडाचा काही संबंध नाही. आता पेटी इतकी का तापते, ते बघा!"

बुधाजीने शाल फेडली. खाली, पेटीच्या मागच्या बाजूला, कापसाचे तंतू बसून गोधडीसारखा जाड थर झाला होता. त्याच्याखाली दुहेरी गोणपाट, सुतळीने घट्ट बांधलेलं. आणि त्या सगळ्याच्या आड, पेटी गार ठेवण्यासाठी कारखान्याने बसवलेला पंखा कोंडून पडला होता.

"ह्यां गोणपाट कोणी बांधल्यान?" धोंडूने विचारलं.

शरच्चंद्राचं तोंड उघडंच राहिलं. पंख्यात कापूस जाऊ नये म्हणून, रोग जडायच्या थोडंच आधी लढवलेली ही अक्कल त्याचीच होती. टाकी उपसली, पट्टा आवळला, त्या प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याने ते गोणपाट स्वतःच्या हाताने, मोठ्या काळजीने पुन्हा बांधलं होतं.

"मी," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही, इतकं ते अनपेक्षित होतं. शरच्चंद्र गाठीवरून खाली उतरला. आता त्याचा आवाज व्याख्यानाचा राहिला नव्हता.

"बुधाजी, तुमच्या पायाला दोष दिला, त्याची सगळ्यांसमोर माफी मागतो. महाराजांनी तुमचं नाव घेतलं ते, मी वाट मोकळी करून दिली म्हणून." मग तो हमालांकडे वळला. "आणि तुम्हाला एवढंच सांगतो. कुणी म्हणालं, माझ्यामुळे झालं, तर आधी विचारा, हा नसता तर काय झालं असतं? बाबा म्हणाला तरी विचारा, डॉक्टर म्हणाला तरी विचारा, मी म्हणालो तरी विचारा. आणि करून बघा. विचारल्याने कुणाचा कोप होत नाही. न विचारल्याने मात्र एका भल्या माणसाची भाकरी जात होती."

बुधाजीने गोणपाट कापून टाकलं, पाती पुसली, पंखा मोकळा केला. गाठी भरलेली ट्रॉली घेऊन तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. उन्हं कलली तरी ट्रॅक्टर थांबला नाही. शेठनी खिडकीतूनच सांगितलं की सोमवारचं रद्द. गाठी चढवायला सगळ्यांत पुढे धोंडू होता. शेवटची खेप झाल्यावर बुधाजी ट्रॉलीवर टेकला. धोंडू त्याच्या शेजारी जाऊन बसला.

तिथून त्याने हाक मारली, "साहेब! तुम्ही सांगितलास ता विचारतंय. तुम्ही नसतात तर काय झाला असता?"

उत्तर बुधाजीने दिलं. "पंखा चालला असता, मुकादम!"

आता मात्र अख्खं आवार हसलं, आणि शरच्चंद्र सगळ्यांत मोठ्याने.