टेबल मातीला, कोपरा मला

सकाळी दहा वाजता मला टेबलावरून खाली उतरवण्यात आले. माझ्या जागी ओल्या मातीचा गोळा आला.

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. बिस्किटांच्या कारखान्यातील प्रशिक्षणाच्या खोलीत राहतो. या खोलीत कोपऱ्यात गेलेली वस्तू पुढे भंगारात जाते. मी नवा होतो तेव्हा मोठे साहेब स्वतः माझी काच पुसत. 'उत्तम नेत्याचे गुण' मी कितीतरी वर्षे भिंतीवर दाखवले. दिवे मालवले की मागच्या रांगेत घोरणे सुरू होई, हे खरे आहे. पण माझी अक्षरे ठळक होती.

मग शिकवायला नव्या बाई आल्या. त्यांनी माझी वायर गुंडाळली आणि प्रत्येकापुढे माती ठेवली.

"तुमचा विभाग तुम्हाला कसा दिसतो, ते करून दाखवा," त्या म्हणाल्या.

माती! जिला ना बटण, ना दिवा, ना एक अक्षर येते. तिला ओल्या फडक्यात जपून गुंडाळतात. माझी धूळ झटकायला मात्र कुणाकडे कोरडे फडके नसते. माझा नुसता जळफळाट झाला.

पॅकिंगच्या फोरमनसाहेबांनी एक उंच माणूस केला. भलेमोठे डोके, रोखलेले बोट. त्याच्या पायाशी वाटाण्याएवढ्या गोळ्या. ती त्यांची माणसे.

"आता आपलं काम शेजाऱ्याला द्या. त्यानं न विचारता बदल करायचा. जास्तीची माती मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

फोरमनसाहेबांच्या शेजारी त्यांच्याच हाताखालच्या मावशी होत्या. मूर्ती परत आली तेव्हा फोरमनसाहेब उडालेच.

"मावशी, माझं डोकं कुठं गेलं?"

"आहे की थोडं. बाकीच्याचे हात केले. तुमच्या माणसांना हातच नव्हते, साहेब. बिस्किटं काय नाकानं उचलायची?"

सगळी खोली हसली. मी मनात म्हटले, आता हे भडकणार, माती खिडकीबाहेर जाणार आणि मी पुन्हा टेबलावर.

ते भडकले नाहीत. मूर्ती फिरवून बघत राहिले.

"मी खरंच कुणाला काही करू देत नाही?"

"सरकता पट्टा अडकला तरी तुमची वाट बघतो आम्ही. तोवर बिस्किटांचा चुरा."

"मग उद्यापासून पट्टा तुम्हीच थांबवा."

मित्रांनो, 'निर्णयाचा अधिकार वाटून द्या' हे मी त्यांना दरवर्षी दाखवत होतो! वाचले माझ्याकडून, शिकले मात्र त्या चिखलाकडून.

दुपारी भांडारातले काका आले. "बाई, हे धूड भंगारात देऊ का?"

"थांबा काका. पुढच्या वर्गात या मूर्तींच्या सावल्या भिंतीवर पाडायच्यात. उजेड लागेल."

म्हणजे मी वाचणार, पण मातीला मोठी करून दाखवण्यासाठी! हा अपमान मी गिळला. नव्याचे कौतुक जरूर करा मित्रांनो, पण जुन्यावरूनही अधूनमधून फडके फिरवा. चालू स्थितीत असलेल्या वस्तूलाच मत्सर परवडतो.

काकांनी वायर जोडून बटण दाबले. पंखा घरघरला, दिवा लागला नाही. तसला दिवा आता दुकानात मिळत नाही. एखादा शिल्लक असलाच तर भांडारात.

भंगाराची गाडी फाटकाशी आली आहे. काका अजून दिव्यासाठी भांडारातली खोकी उचकत आहेत.