अकरा फुटांची सावली

सावलीवरून उंची काढायचा धडा मी मैदानावर शिकवतो. एक काठी रोवायची. काठी तीन फूट, तिची सावली सहा फूट, म्हणजे सावली दुप्पट. त्याच वेळी झाडाची सावली चाळीस फूट असेल तर झाड वीस फूट. दोन तासांनी सावली आखडते, तेव्हा काठी पुन्हा मोजायची. मुलं हे शेवटचं वाक्य हमखास विसरतात.

एका वर्षी याच धड्याला एका मुलीनं मुख्याध्यापकांची सावली मोजली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "सर, हे स्वतःला सहा फुटी म्हणवतात, पण पाच फूट सातच आहेत." मुख्याध्यापक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्या मुलीला माझी चांगली पट्टी देऊन टाकली.

पुढे ती लष्कराच्या कचेरीत नोकरीला लागली. विमानातून काढलेले फोटो वाचायचं काम. तिथं तिचं नाव पडलं 'फूटपट्टी'. वरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, त्याची ओळख सावलीवरूनच पटते. प्रत्येक फोटोसोबत एक कागद असे, त्यावर दोन रकाने: 'दिसतं' आणि 'वाटतं'. दोन वाचक आपापला कागद वेगवेगळा भरत. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय बॉम्ब घेऊन विमान उडत नसे.

त्या सोमवारी साहेबांनी टेबलावर फोटो ठेवला. सरहद्दीपलीकडच्या डोंगरात एक घर, अंगणात ट्रक, ताडपत्रीखाली ड्रम. खबर पक्की होती: ड्रमांत स्फोटकं, आणि गुरुवारी सकाळी ती शहरातल्या मोठ्या बस स्टँडवर पोचणार. आदल्याच वर्षी तिथं स्फोटात एकतीस माणसं गेली होती.

"उद्या सकाळी सहाला विमान," साहेब म्हणाले. "ते निघायच्या आत आपण निघायचं."

तिच्या शेजारी बसणारे काका खोलीतले सगळ्यात जुने वाचक. त्यांनी भिंग फिरवलं आणि 'दिसतं'मध्ये लिहिलं, 'आठ पुरुष.' सही करून ते चहाला उठले.

फूटपट्टी अजून मोजतच होती. ताडपत्रीबाहेर एक ड्रम उभा होता. तसला ड्रम तीन फुटांचा असतो. त्याची सावली भरली सहा फूट. आणि अंगणातल्या सावल्या? सात फूट, साडेसहा, आठ. एक तेवढी अकरा फुटांची.

"काका, हा फोटो किती वाजताचा?"

"दहाचा असेल. आठवडाभर दहाचेच येतायत. दहाला सावली साधारण माणसाएवढीच पडते."

"आठचा आहे. कोपऱ्यात वेळ छापलीय, बघा."

काकांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग पट्टी मागून घेतली आणि स्वतः मोजलं.

"साडेतीन फूट, सव्वातीन, चार," ते पुटपुटले. "अगं, ही तर पोरं आहेत."

"सात. आणि एक मोठं माणूस. सगळ्यात लहान सावली त्याला चिकटलेली आहे, हात धरल्यासारखी."

तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं आपलं लिहिलेलं खोडलं, खाली बरोबर आकडा लिहिला आणि कागद घेऊन तो स्वतः साहेबांकडे गेला. मला या काकांचं फार कौतुक वाटतं.

साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "आज सोमवार आहे. गुरुवारचं काय करायचं? तिथं स्टँडवर पोरं नसतात?"

"असतात, साहेब. माझा दादा तिथूनच गाडी काढतो. ड्रायव्हर आहे."

"आणि तरी तू थांब म्हणतेस?"

"थांबा नाही म्हणत. नीट बघू द्या म्हणते. उद्याचा एक दिवस, दर तासाला फोटो."

"आणि ते उद्याच ट्रक भरून निघाले तर?"

"ते मला ठाऊक नाही, साहेब."

साहेब खिडकीशी गेले, परत आले. "एक दिवस. बुधवारी मी विचारणार नाही."

त्या संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा ती त्याच्या ताटाकडे बघत राहिली.

"गुरुवारी डबल ड्यूटी लावलीय," तो म्हणाला.

"सुट्टी घे ना त्या दिवशी."

"का? बस तू चालवणार आहेस? तुझ्या हातात दिली तर आधी बसची लांबी मोजशील, मग पॅसेंजर घेशील."

तिला हसू आलं नाही. एक शब्द बोलली असती तर दादा घरी राहिला असता. पण त्याच्या मागच्या बसचा ड्रायव्हरही कुणाचा तरी दादा होता. शिवाय बातमी फुटली असती तर ड्रम दुसऱ्या घरी गेले असते. तिनं त्याला आणखी भात वाढला.

मंगळवारी दर तासाला फोटो आले. नऊला सात छोट्या सावल्या शेळ्या घेऊन टेकडीवर निघालेल्या. दुपारी एकपर्यंत त्या पलीकडच्या उतारावर होत्या. त्या वाटेवरचं गवत झिजून माती पांढरी पडली होती. पायवाट एका दिवसात पांढरी होत नाही. पोरं रोज तिकडेच जात होती. अंगणात तो मोठा माणूस आणि घरातून आलेले आणखी पुरुष ड्रम उघडत होते, ट्रकमध्ये चढवत होते. संध्याकाळपर्यंत ट्रक अर्धा भरला होता.

तिनं लिहून दिलं: बुधवारी दहा ते अकरा. पण आधी फोटोचं साधं विमान जाईल, उतारावर सात सावल्या मोजेल. सहा भरल्या तर बॉम्ब टाकायचा नाही.

बुधवारी दहा वाजून पाच मिनिटांनी फोटो आला. तिनं मोजलं, काकांनी मोजलं. सात. दोघांनी सह्या केल्या.

घरावर एक बॉम्ब पडला, आणि पुढची वीस मिनिटं ते घर आपलं आपणच फुटत राहिलं. खबर खरी होती. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली, साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, टाळी थांबली.

"साहेब, दोनचा एक फोटो पाहिजे," ती म्हणाली.

"काम झालं आता."

"माझं नाही झालं."

साहेबांनी फोटो मागवला. जिथं घर होतं तिथं खड्डा होता. खड्ड्याच्या कडेनं सात छोट्या सावल्या उभ्या होत्या. अकरा फुटांवाला माणूस कुठंच नव्हता. तिनं 'दिसतं'मध्ये लिहिलं, 'सात. सगळी उभी. छप्पर नाही.' 'वाटतं'चा रकाना तिनं कोरा ठेवला आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सरहद्दीवर काम करणाऱ्या मदत संस्थेला फोन लावायला आत गेले.

गुरुवारी दादा डबल ड्यूटी करून घरी आला आणि स्टँडवरचा चहा कसा बेचव होत चाललाय यावर अर्धा तास बोलला. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

परवानगी मिळाल्यावर, पुष्कळ वर्षांनी, तिनं मला हे सांगितलं. मी दरवर्षी धड्यानंतर मुलांना सांगतो आणि दरवर्षी वर्गात भांडण होतं. "आधी मारलं नसतं तर स्टँड उडालं असतं!" एक बाजू ओरडते. "पण त्या पोरांचा बाबा?" दुसरी बाजू विचारते. मी दोघांनाही बोलू देतो. यंदा एका मुलीनं हात वर केला. "सर, मग त्या बाई नंतर काय करायच्या?"

ते मला ठाऊक होतं. दर महिन्याला ती त्या डोंगराचा एक फोटो मागायची. साहेब कारण न विचारता मागवायचे. पहिल्या महिन्यात तिला एक तंबू दिसला, दुसऱ्यात शेळ्या. वर्षभरानं तंबूच्या तीन फुटी खुंटाशेजारी सगळ्यात लहान सावली उभी होती. तिनं खुंटाची सावली मोजली, मग पोराची. सव्वातीन फुटांचं पोर साडेतीन फुटांचं झालं होतं.

तिनं ते 'दिसतं'मध्ये लिहिलं.