खुणा जुळल्या

दवाखान्यात रक्त घेणारी समीक्षा काउंटरमागून बाहेर आली आणि तिनं लीलाबाईचा हात धरला.

"काकू, माफ करा. पहिल्या वेळी माझ्याच हातनं नळी बदलली असणार."

लीलाबाईनं हात हळूच सोडवून घेतला. पोरीनं काहीच बदललं नव्हतं. पहिल्या नळीत लीलाबाईचंच रक्त होतं. दुसऱ्या वेळी मात्र तिचं आधार कार्ड घेऊन तिची धाकटी जाऊ माया सांगलीला आली होती. डोक्यावर पदर, कार्डावर जुना फोटो. निरखून बघतंय कोण?

लीलाबाईची लेक सृष्टी पोलीस भरतीच्या सरावात पळता पळता कोसळली, तिथून हे सुरू झालं. हृदयाचा दोष निघाला, तोही रक्तातून आलेला. आईचं रक्त तपासायचं ठरलं तेव्हा लीलाबाईनं बेलाशक हात पुढं केला. आई तीच होती की. लीलाबाईचे मालक हंबीरराव फौजेत होते त्या काळात माया बाळंतपणाला त्यांच्या क्वार्टरवर गेली आणि पोटची पोर तिथंच थोरलीच्या ओटीत घालून आली. घरातल्या थोरल्यांपलीकडं ही गोष्ट कधी गेली नाही. हंबीरराव वारले, तरी सृष्टीला आई होती.

मग दवाखान्यातून फोन आला होता. प्रत्येकाच्या रक्तात त्याच्या त्याच्या खुणा असतात, लेकराच्या निम्म्या आईशी जुळाव्याच लागतात, इथं जुळत नाहीत. नळ्यांची अदलाबदल झाली असावी, पुन्हा या. खरं सांगून टाकायचं म्हटलं, तर पोरीला कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनीच बजावलेलं. म्हणून दोघी जावांनी गोठ्यात उभ्या उभ्या हा मार्ग काढला.

आत डॉक्टर खुशीत होते.

"आता खुणा जुळल्या. पण लीलाबाई, तोच दोष तुमच्यातही आहे. पुढच्या आठवड्यात छातीची तपासणी करू. तोवर वजन उचलायचं नाही. ओझ्याखाली माणूस जागेवर जाऊ शकतं."

लीलाबाईनं तोंड उघडलं. दारात समीक्षा फाईल घेऊन उभी होती, मान खाली घालून. लीलाबाईनं पदर तोंडावर धरला आणि उठली.

एसटी आष्ट्याला पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. या वेळी माया रानात असते. उसाच्या वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन बांधानं येते.

तशीच ती आली. मान ताठ, कपाळावर घाम. लीलाबाई चपला टाकून पळाली आणि तिनं भारा ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"आवं आक्का, हे काय? जुळलं न्हाई व्हय?"

"जुळलं."

"मग?"

लीलाबाई भारा घेऊन पुढं चालत राहिली, माया मोकळ्या हातांनी मागं. वाटेत दम लागला म्हणून माया थांबली, तशी लीलाबाईही थांबली. हा दम आजचा नव्हता. ती तो कैक वर्षं बघत आली होती.

अंगणात सृष्टी मोबाईल हातात घेऊन उभी होती. दवाखान्यानं रिपोर्ट तिलाच पाठवला होता. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"आई, वजन उचलू नको म्हणून सांगितलंय न्हवं तुला? जीव नको झालाय का? ठेव आधी. काकीकडं दे तो भारा."

मायानं काही न कळून दोन्ही हात पुढं केले. सवयीनं मान थोडी वाकवली.

लीलाबाई भाऱ्याला घट्ट धरून उभी राहिली. कपाळावर वाढ्यांची पाती टोचत होती. मग तिनं भारा अंगणात सोडून दिला, त्याच्यावर बसली आणि एका बाजूला सरकली.

"सृष्टे, ये. हितं बस माझ्याजवळ," ती म्हणाली. "माया, तूबी बस."